दोन दारांचा डबा

“हवा लवकर सोड ना! तो खाली रुतून राहिला!” मी ओरडले.

“हळू सोड रे बाप्पा,” माझ्या खांद्याशी उभी असलेली सासू ओरडली. “माह्या लहान्याचे सांधे धरतील.”

हवा सोडायच्या चक्रीवर हात ठेवून बसलेला लॉकवाला वर न बघता म्हणाला, “दोघी मिळून एक काय ते ठरवा.” मग लगेच, “नका ठरवू. मी कोनाचंच आयकत नाही.”

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. एका ठेकेदाराने नदीत पुलाच्या पायाची विहीर उतरवायला घेतली होती. आम्ही मरोद्याच्या झोपड्यांतून कामाला जायचो. नवरा आणि दीर विहिरीच्या तळाशी खोदायचे, सासू आणि मी वर आलेला गाळ टोपल्यांनी वाहायचो. तळात पाणी शिरू नये म्हणून मशीनने आत हवा दाबून भरत. ती निसटू नये म्हणून विहिरीच्या तोंडावर लोखंडी डबा होता, त्यालाच लॉक म्हणत. माणसं त्यातूनच ये-जा करत. त्याला दोन दारं, एक विहिरीकडे, एक बाहेर. एक बंद असल्याशिवाय दुसरं उघडत नाही. आत जाताना डब्यात हवा भरायला वेळ लागत नाही. बाहेर येताना काढायला लागतो. घाई केली तर माणूस वाकडा होतो, नाहीतर मरतो.

त्या दुपारी मशीन दमली. हवा कमी पडली आणि तळाशी वाळू-पाणी घुसलं. दिराचा पाय दगडाखाली आला. नवऱ्याने तो सोडवला, सोबत्याच्या पाठीवर त्याला वर पाठवलं आणि स्वतः कमरेपर्यंत रुतला. दिराला घेऊन डब्यात पोचल्यावर सोबत्याने हे काचेला तोंड लावून ओरडून सांगितलं. दोघे जण फावडी घेऊन आत जायला तयार होते. पण डब्यातले बाहेर निघाल्याशिवाय त्यांना जाता येत नव्हतं.

खालून लोखंडावर पहारीचे ठोके येत होते.

“आत्याबाई, तो बी तुमचाच हाय,” मी म्हणाले.

“मले शिकवू नको. दोघायलेही म्याच जन्म देल्ला.”

मी खाली बसले. सकाळपासून गाळ वाहिला होता, ओरडायलाही जोर उरला नव्हता. थोड्या वेळाने ठोके थांबले. लॉकवाल्यानेही ते ऐकलं. चक्री तो तशीच इतकी-इतकीशी फिरवत राहिला.

दिराला फळीवर बाहेर काढलं. सासूने पदराने त्याचं तोंड पुसलं. फावडीवाले आत गेले, दार लागलं, डब्यात हवा भरली. ते नवऱ्याला घेऊन परत वर आले तेव्हा त्यांचीही हवा हळूहळूच काढावी लागली. सासूने काचेला डोळा लावला.

“दिसून राहिला का?” मी विचारलं.

“दिसून राहिला.”

“मंग?”

ती काचेपासून बाजूला झाली. “तू नको पाहू,” म्हणाली.

दीर जगला. माझा नवरा नाही.