दोन साध्या खुर्च्या

चूक माझी होती. हे शेवटी लिहायचं म्हटलं तर माझ्याकडून लिहून होणार नाही, म्हणून आधीच लिहून टाकतो. किसनकाकांची एक इच्छा होती. बायकोच्या शेजारी बसून एक सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचा. माझ्या घरच्या थिएटरात ती सहज पुरी झाली असती, कारण ती खोली त्यांनीच उभी केली होती. मी त्यांना खुर्ची दिली नाही. मुद्दाम दिली नाही असं नाही, आणि विसरलो असंही नाही. मग नेमकं काय झालं, हे मला गेला दीड महिना उलगडत नाही...

शालूकाकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो. सकाळचे साडेआठ वाजले होते. काका अजून कसे आले नाहीत म्हणून स्टोअरची दुसरी किल्ली शोधत होतो. "मालक, ह्ये उठंनात," एवढंच त्या म्हणाल्या. मी पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. दुपारी पंचगंगेवर अंत्यविधी उरकून परत आल्यावर माझी बायको सुनीता अंगणातच म्हणाली, "काका आपल्या वरच्या खोलीत एकदाही बसले नाहीत हो." मी म्हणालो, "आठ महिने तिथंच तर होते." ती म्हणाली, "होते. बसले नाहीत." मला तेव्हा तिचा राग आला होता. माणूस गेला त्या दिवशी असलं काय बोलायचं, असं वाटलं.

किसनकाका मूळचे मुरगूडचे. कोल्हापुरात एका थिएटरात ते ऑपरेटर होते. ते थिएटर पाडून तिथं मंगल कार्यालय झालं, तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं ते माझ्याकडे आले. फौंड्रीत ओतकामाच्या साच्यांसाठी लागणारे लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, बनवायचा माझा छोटा कारखाना आहे. मी त्यांना स्टोअर बघायला ठेवलं. बारा वर्षं होते. एवढ्या काळात एक ड्रिल बिट इकडचा तिकडे झाला नाही. डबा खाताना आम्ही त्यांना सिनेमाचं काहीतरी विचारायचो आणि त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "मी एकबी सिनेमा बघितला न्हाय. मी ठिपका बघितलाय." पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला, रीळ संपत आलं की क्षणभर एक ठिपका यायचा. तो दिसला की शेजारचं दुसरं मशीन सुरू करायचं. चुकला तर पडदा पांढरा, आणि खालून शिट्ट्या. "हिरॉईन मरंना का पडद्यावर, माझं ध्यान कोपऱ्यात," असं ते म्हणायचे आणि आम्ही सगळे हसायचो.

गच्चीवर सिनेमाची खोली बांधायची माझ्या मनात आली तेव्हा पहिल्यांदा त्यांनाच सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते टेप घेऊन हजर. खोली निघाली वीस फूट बाय बारा फूट. गिलावा झाला तशी त्यांनी मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवली. टाळी संपली तरी भिंतींतून टण्ण असा आवाज घुमत राहिला. "आयकलं का? हितं कोन बोललं तर शबुद शबदावर चढणार." दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातल्या चार वाकळा आणल्या. काकूंनी जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या. त्या खिळ्यांवर टांगायच्या, टाळी वाजवायची, काढून दुसरीकडे टांगायच्या, पुन्हा टाळी. आठ दिवस हे चाललं होतं. आमचा इंटेरियरवाला म्हणाला, "काका, हे थिएटर हाय का धोबीघाट?" काका म्हणाले, "तुज्या कॉम्प्युटरला कान हायती का? मग गप ऱ्हा." जिथं वाकळ टांगल्यावर आवाज मेला, तिथंच पुढं कापडाचे जाड पॅनेल बसले. आज त्या खोलीत संवाद जो स्वच्छ ऐकू येतो, तो त्या वाकळांमुळे.

मागच्या ओळीसाठी ओटा किती उंच घ्यायचा हे ठरवायचं होतं, त्या दिवशी ते काकूंना घेऊन आले. काकू ठेंगण्या. त्यांना मागं स्टुलावर बसवलं, पुढं मला बसवलं, आणि स्टुलाखाली एकेक फळी घालत गेले. "दिसतंय का?" "मालकाचं टक्कल दिसतंय." अजून एक फळी. "आता?" "आता भिंत दिसती." काका मला म्हणाले, "हिला दिसलं म्हंजे सगळ्यास्नी दिसलं." मला ती मापाची युक्ती वाटली. मी कौतुकसुद्धा केलं. ओटा नऊ इंच झाला. तो कुणाच्या डोळ्यांच्या मापानं झाला, हे मी नंतर पार विसरून गेलो.

मग खुर्च्या आल्या. मागं रेलणाऱ्या, रुंद, आठ. चार पुढं, चार ओट्यावर. काका म्हणाले, "मालक, मागच्या भिंतीला दोन साध्या खुर्च्या ठेवूया की. जागा हाय." मी म्हणालो, "नको काका, शोभा जाईल." ते पुन्हा म्हणाले, "घडीच्या ठेवू. नको तवा मिटायच्या." मी कॅटलॉगातलं चित्र दाखवलं. त्यात मागची भिंत मोकळी होती. ते चित्राकडे बराच वेळ बघत राहिले आणि "व्हय," म्हणाले.

उद्घाटन रविवारी दुपारी ठेवलं. पाहुणे सहा. दोन पुण्याकडचे गिऱ्हाईक, आमचे व्याही-विहीणबाई, एक डॉक्टर मित्र आणि त्याची बायको. सातवा मी आणि आठवी सुनीता, असा हिशोब होता. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. बरोबर काकू, जरीच्या काठाची हिरवी साडी, केसांत अबोलीचा गजरा, हातात लाडवांचा डबा. लग्नाला निघाल्यासारखी दोघं. काकांनी नारळ फोडला, प्रोजेक्टरला हात लावून कपाळाला लावला. पाहुणे बसले. मी काकांची ओळख करून दिली, "हे आमचे किसनकाका, यांनी आयुष्यात एकही सिनेमा बघितला नाही!" सगळे हसले, काकाही हसले. काकू दारात उभ्या होत्या. मी त्यांना म्हणालो... शब्द मला जसेच्या तसे आठवतात... "काकू, तुम्ही खाली पंख्याखाली बसा. तुम्ही काय आपलीच माणसं, कधीपण बघाल." आणि काकांना म्हणालो, "तुम्ही मशीनजवळच थांबा, काही झालं तर."

आपल्याकडं पंगतीला आधी पाहुणे बसतात आणि घरचे मागनं जेवतात. मी त्यांना घरचं धरलं, म्हणून मागं ठेवलं. हे मी स्वतःला कितीदा सांगितलं असेल. पण सुनीता घरचीच होती, तिला मी खुर्ची दिली. मीही घरचाच होतो. मग? काका परके असते तर त्यांना नक्की खुर्ची मिळाली असती. मी त्यांना जवळचं मानलं म्हणून हे झालं, की ते माझ्याकडे कामाला होते म्हणून? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आतून कुठलं खरं होतं, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही.

अर्ध्यावर काकांनी सवयीनं मध्यंतर घेतलं. पुण्याकडच्या एका गिऱ्हाइकाला गाडी गाठायची होती, तो निघाला. सुनीता चहाचं बघायला खाली गेली आणि वर आलीच नाही. म्हणजे शेजारशेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या, त्याही ओट्यावरच्या. एकीवर मी वड्यांचा ट्रे ठेवला, दुसरीवर माझा मोबाईल. सिनेमा पुन्हा सुरू झाल्यावर मी मागं वळून बघितलं. काका प्रोजेक्टरच्या शेजारी एका पायावर भार देऊन उभे होते. त्यांनी त्या खुर्च्यांच्या दिशेनं हात केला आणि भुवया उंचावल्या. आवाज कसा आहे विचारतायत असं मला वाटलं. मी अंगठा वर केला, एकदम झकास, म्हणून! त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे कामावर आले. मी आठवड्याला एकदा तरी म्हणायचो, "काका, काकूंना घेऊन या की एखाद्या रविवारी." ते "येतो की," म्हणायचे. कुठला रविवार, हे मी कधी म्हणालो नाही आणि त्यांनी विचारलं नाही. अशात तीन महिने गेले... आणि मग तो फोन.

दिवसकार्य झाल्यावर मी काकूंकडे गेलो. काका रागावले होते का, एवढंच मला विचारायचं होतं. त्या म्हणाल्या, "राग कशाचा? तुमाला लई मानायचे. खोली झकास झाली म्हणून चार घरं सांगितलं." मला सुटल्यासारखं वाटलं. मग त्या त्याच आवाजात पुढं बोलत राहिल्या. "चाळीस वर्सं मी पासावर सिनेमं बघितलं. मी खाली बायकांत, ह्ये वर मशीनपाशी. खेळ सुटला की मी पायरीवर थांबायची, ह्ये रिळं गुंडाळून यायचे. वाटंत मीच ह्यांस्नी गोष्ट सांगायची. तुमची खोली व्हायला लागली तवा म्हणले, शालू, आता ठिपका नसतोय. मशीन आपलंआप चालतंय. आता मी मोकळा हाय. येकदा शेजारी बसून बघू." मी विचारलं, "मग त्या दिवशी...?" त्या म्हणाल्या, "मध्यंतराला खाली आल्ते. म्हणले, दोन खुर्च्या मोकळ्या झाल्यात, मालकास्नी इचारतो, हाक मारली की वर ये. मी जिन्यात बसून हुते."

मला सुचलं ते असं की, भरपाई करावी. मी म्हणालो, "काकू, रविवारी गाडी पाठवतो. सगळी खोली तुमची. म्हणाल तो सिनेमा लावू." त्यांनी माझ्याकडे लहान पोराकडं बघावं तसं बघितलं. "एकटीनं बघायचं त्यात काय नवं? जलमभर एकटीनंच बघितलं की."

मी उठलो, चपला घातल्या, फाटकापर्यंत गेलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, तांदूळ घेऊन. त्याच्या पुढच्या आठवड्यात पेन्शनचे कागद घेऊन. दोन्ही वेळा बोलायचं ते राहिलंच. काकू चहा करायच्या, मी प्यायचो, परत यायचो. गेल्या सोमवारी हातात काहीच न घेता गेलो. त्या शेंगा सोलत होत्या. "बसा," म्हणाल्या. मी बसलो नाही.

"काकू," मी म्हणालो, "जागा होती. काकांनी मागितली, ती मला कळली नाही. कळली असती तरी मी उठून दिली असती का, हे मला खरंच माहीत नाही. तुम्हाला जिन्यात बसवलं, त्यांना उभं ठेवलं, ते मी. माझं चुकलं. मला माफ करा."