हिंमतरावांचा ठेका आणि सोसायटीचं पाणी

हिंमतराव गजभिये यांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, भांडारात गेली. जिथे शिरताना काडेपेटीच काय, पायातले खिळ्यांचे बूटही बाहेर ठेवावे लागतात, तिथे माणूस एक तर भित्रा होतो, नाहीतर हिंमतराव होतो. घरात नवा मिक्सर आला तेव्हा त्यांनी सगळ्यांना स्वयंपाकघराबाहेर काढलं, हात लांब करून बटण दाबलं आणि तो नीट फिरल्यावरच म्हणाले, "या आता."

"चटणी आहे हो ती, सुरुंग नाही," कौशल्याबाई म्हणाल्या.

कारखान्यात जपून हात लावणारा हा माणूस ढोलकीवर मात्र हात राखून वाजवत नसे. भीमगीतांच्या मंडळात कौशल्याबाई गात आणि हिंमतराव साथ करत. ठेक्यात मध्येच एक थाप ते किंचित उशिरा टाकत, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लावून. पण निवृत्तीनंतर बोटांत संधिवात शिरला आणि ढोलकी कपाटावर गेली.

मुलगा आनंद तेव्हा कंपनीच्या कामावर जर्मनीत होता. त्याने तिथून वडिलांना एक पेटी पाठवली. जाड पुस्तकाएवढी, वर रबराच्या मऊ चौकोनी गाद्या. गादीवर बोट टेकवलं की ढोलकी, टाळी, झांज, हवं ते वाजायचं. बोटांना त्रास नाही. हिंमतरावांनी ती लांबूनच सुरू केली, थोडा वेळ ऐकली आणि म्हणाले, "ढोलकी पत्र्याची आहे."

मग सुनेने मनावर घेतलं. प्रियदर्शनी हिंजवडीत नेटवर्कचंच काम करायची आणि घरी विंडोजऐवजी लिनक्स प्रणालीवर चालणारा संगणक वापरायची. तिने कपाटावरची ढोलकी काढली, सासऱ्यांच्या एकेका थापेचा आवाज संगणकात भरून घेतला आणि म्हणाली, "आता बोट पेटीवर पडेल, पण आवाज संगणकातून तुमच्याच ढोलकीचा येईल."

पेटीची वायर लावली, तर संगणक ओळख देईना. हिंमतरावांनी पेटीच्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला.

"सर, कॉम्प्युटर कुठला?"

"लिनक्स."

"सॉरी सर, ती कंपनी आमच्या लिस्टमध्ये नाही."

"राहू द्या," प्रियदर्शनी म्हणाली. "पेटीला वायफाय आहे. पेटी आणि संगणक, दोघांना घरातल्या नेटवर्कवर आणते. तिथे बोलतील एकमेकांशी."

इथे सोसायटीचं एक प्रकरण सांगायला हवं. सेक्रेटरी गोपाळकृष्ण खांबेटे यांना सूचनांची भारी हौस. फलकावरच्या सूचना लोक वाचत नाहीत म्हणून त्यांनी जिन्याजिन्यात कर्णे बसवले आणि स्वतःच्या खणखणीत आवाजात सूचना रेकॉर्ड केल्या. त्या वाजवायची सोय प्रियदर्शनीनेच करून दिली होती. वॉचमन दशरथच्या केबिनमध्ये एक जुना संगणक, त्याला खेळण्यातली छोटी पियानोपेटी. पहिली पट्टी दाबली की "पाणी जाणार आहे, भरून घ्या." दुसरी दाबली की "लिफ्ट बंद आहे." तिसरी दाबली की "पांढरी गाडी आडवी लावणाऱ्याने ती ताबडतोब हलवावी." केबिनला वेगळं इंटरनेट द्यावं की नाही यावर कमिटीची चर्चा चालू होती, म्हणून तूर्तास प्रियदर्शनीच्या घरातूनच वायर खाली सोडलेली. आणि वेळ वाचावा म्हणून तिने आपल्या संगणकातली सगळी मांडणी जशीच्या तशी खालच्या संगणकात उतरवली होती. नावासकट.

एका रविवारी सकाळी तिला अचानक ऑफिसला जावं लागलं. निघताना चप्पल घालत ती म्हणाली, "बाबा, सगळं तयार आहे. पेटीवर संगणकाचं नाव दिसेल, ते निवडा. हेडफोन घाला आणि वाजवा. आवाज नाही आला तर जोडलं गेलं नाही समजा आणि पुन्हा प्रयत्न करा."

कौशल्याबाई भाजीला गेल्या होत्या. हिंमतरावांनी हेडफोन घातले. ते असे घट्ट, की बाहेरचं जग बंदच झालं. पेटीच्या पडद्यावर नाव आलं: प्रिया. त्याखाली पुन्हा: प्रिया. घरात सून एकच असताना या दोन कशा, असं त्यांच्या मनात आलं. पण वरची ती थोरली असणार, असा विचार करून त्यांनी वरचीला हात लावला.

मग गादीवर एक थाप टाकली. कानात काही नाही.

खाली जिन्याजिन्यात खांबेट्यांचा आवाज घुमला, "पाणी जाणार आहे, भरून घ्या."

हिंमतरावांनी पुन्हा प्रयत्न केला. मग दुसरी गादी, तिसरी गादी. सुनेने सांगितलंच होतं. प्रयत्न करता करता हाताला लय सापडली आणि ते ठेकाच धरून बसले.

"पा-पा-पाणी जाणार, लिफ्ट, पा-पाणी, लिफ्ट, पांढरी गाडी!"

सोसायटीत पळापळ झाली. बादल्या, पिंपं, कुकर, जे हाती लागेल ते नळाखाली गेलं. खांबेट्यांनी स्वतःच्याच आवाजात स्वतःला दम दिलेला ऐकला. त्या दिवशी खाली आडवी लावलेली पांढरी गाडी त्यांचीच होती. लिफ्ट बंद असल्याचंही तोच आवाज सांगत होता, म्हणून ते जिन्याने धावत उतरले. गाडी मागे घेतली. आवाज थांबेना. पुढे घेतली. तरी थांबेना. शेवटी ते केबिनवर धावून गेले.

"दशरथ, हा काय चावटपणा आहे?"

"साहेब, आपण बघताय ना? मी हातच लावला नाही," म्हणत दशरथ पकडलेल्या चोरासारखा दोन्ही हात वर करून भिंतीला चिकटला. तो असा उभा असताना कर्णे दुप्पट लयीत गेले.

"व्हायरस आहे," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"व्हायरसला माझाच आवाज बरा सापडला!" खांबेटे म्हणाले.

तेवढ्यात फाटकातून कौशल्याबाई आल्या. हातात मेथीची पिशवी. त्या थबकल्या. "पाणी" आणि "लिफ्ट" यांच्यामध्ये एक थाप किंचित उशिरा पडत होती. या थापेसाठी त्या आयुष्यभर श्वास धरून थांबल्या होत्या.

"दशरथ, हात खाली घ्या," त्या म्हणाल्या. "हा ठेका आमच्या घरचा आहे."

त्या वर गेल्या. मागून खांबेटे, मागून अर्धी सोसायटी. हिंमतराव डोळे मिटून डोलत होते. कौशल्याबाईंनी एका कानावरचा हेडफोन उचलला.

"अगं थांब, अजून जोडलं गेलं नाही," ते म्हणाले.

"गेलंय. सगळ्या सोसायटीला."

दारात खांबेटे धापा टाकत उभे होते. "गजभिये, वादन उत्तम. फक्त आमच्या गळ्यातून नको."

हिंमतरावांना सगळं कळायला थोडा वेळ लागला. मग ते शरमेने लाल झाले आणि तोंडावर पाणी मारायला मोरीत गेले. नळ कोरडा होता. सगळ्यांनी घाईघाईने भरून घेतल्यामुळे टाकी खरोखरच रिकामी झाली होती. म्हणजे सूचना खोटी होती असं कोणालाच म्हणता येईना. खांबेट्यांनी मुकाट्याने टँकर मागवला.

दुपारी प्रियदर्शनी आली. ऐकून आधी तिने कपाळाला हात लावला, मग हसू आवरेना म्हणून पदरात, म्हणजे ओढणीत, तोंड खुपसलं. खालच्या संगणकाचं नाव तिने 'सूचना' ठेवलं आणि नेटवर्कवर त्याला वेगळं काढलं. "बाबा, आता एकच प्रिया आहे."

हिंमतरावांनी भीत भीत थाप टाकली. कानात त्यांची ढोलकी वाजली. मधल्या काळ्या शाईचा घुमारा, कडेच्या चाटीची टणक थाप, सगळं जिथल्या तिथे. पण त्यांचा चेहरा पडला.

"बोट आधी, आवाज नंतर येतोय."

"नेटवर्कवरून येतो ना, थोडा उशीर होतो. कमी करते." तिने संगणकात काहीतरी बदललं. "आता?"

त्यांनी पुन्हा वाजवलं आणि मान डोलावली. "आता उशीर आहे, पण माझा आहे."

कौशल्याबाई पदर खोचून उभ्या राहिल्या आणि बाबासाहेबांवरचं, मंडळातलं जुनं गाणं त्यांनी उचललं. प्रियदर्शनी रेकॉर्ड करू लागली. दुसऱ्या कडव्यात टँकर आला आणि त्याचा भोंगा थेट गाण्यात शिरला. प्रियदर्शनी थांबवायला पुढे झाली. हिंमतरावांनी वाजवता वाजवता मानेनेच नाही म्हटलं. कौशल्याबाईंनी एक हात वर करून भोंगा संपेपर्यंत सूर लांबवला, आणि मग समेवर आल्या.