एलादिओचं डावं पाऊल

सहा आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी, मी मेथी निवडत बसले होते तेव्हा लुसियाचा ईमेल आला. अन्वी, ईशान, लुसिया म्हणजे एलादिओची मुलगी. दक्षिण अमेरिकेत उरुग्वे नावाचा लहानसा देश आहे, तिथल्या एका नदीकाठच्या गावात ती राहते. तीनच वाक्यं होती. बाबा रविवारी गेले, झोपेतच गेले, आणि तुमच्या घरी आधी कळवायचं असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. मी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन तुमच्या आजोबांना मराठीत सांगितलं. त्यांनी हातातल्या वर्तमानपत्राची नीट घडी घातली, ते बाजूला ठेवलं... आणि रडले. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा हा माणूस रडला नव्हता. त्या क्षणी मला काय वाटलं ते खरं लिहिते. मला हेवा वाटला. गेलेल्या माणसाचा.

एलादिओ फुटबॉल खेळायचा, पोटासाठी. मैदानाच्या डाव्या कडेने, रेषेला धरून पळायचं आणि चेंडू आत टाकायचा, एवढंच त्याचं काम. अशा खेळाडूला विंगर म्हणतात. गोल बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी करतो आणि मिठ्या त्याला मिळतात. एलादिओ काही फार गाजलेला नव्हता. ऐंशीच्या दशकात तो एका देशातून दुसऱ्या देशात खेळत राहिला, कुठे दोन वर्षं, कुठे सहाच महिने. संघ त्याला घ्यायचे, वापरायचे आणि सोडून द्यायचे. तो आमच्या घरात आला तो तुमच्या आजोबांच्या हातांमुळे.

आजोबा तेव्हा अंधेरीला, साकीनाक्याजवळच्या एका बुटांच्या कारखान्यात होते. बूट ज्या लाकडी पावलावर चढवून शिवतात त्याला कलबूत म्हणतात. ती लाकडी पावलं तासायची आणि त्यांच्यावरून नवे नमुने कापायचे, हे त्यांचं काम. एलादिओचा संघ पूर्वेकडे कुठेतरी खेळायला निघाला होता. विमान बिघडलं आणि सगळ्यांना तीन दिवस जुहूच्या एका हॉटेलात ठेवलं. तिथे वाळूवर सराव करताना त्याच्या डाव्या बुटाचा तळ निघाला. हॉटेलवाल्यांनी कारखान्यात फोन केला आणि आजोबा पिशवी घेऊन गेले. हॉटेलच्या चकचकीत फरशीवर वर्तमानपत्र पसरून त्यांनी त्या माणसाला उभं केलं आणि पेन्सिलीने त्याच्या पावलांभोवती रेघ काढली. लहानपणी त्याच्या डाव्या पायाचं दुसरं बोट मोडून अंगठ्यावर चढलं होतं. कुठल्याच कंपनीचा बूट त्याला नीट बसायचा नाही. दोन दिवसांत आजोबांनी जोड शिवून दिला. घालून तो हॉटेलच्या बागेत दोन चकरा पळाला आणि परत येऊन आजोबांचे दोन्ही हात धरून उभा राहिला. त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. घरी येऊन आजोबा मला म्हणाले, "पहिल्यांदा दुखत नाहीये त्याला." ते कसं कळलं, मी विचारलं. "चेहऱ्यावरनं कळतं," म्हणाले.

चार महिन्यांनी इक्वेडोरहून पहिलं पाकीट आलं. आत तिथल्या वर्तमानपत्रावर काढलेली दोन पावलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीतलं पत्र. पुढची सगळी वर्षं हेच चाललं. दर हंगामाआधी तो असेल तिथल्या वर्तमानपत्रावर उभा राहून रेघ काढून पाठवायचा. आजोबा त्या मापाप्रमाणे, खास त्याच्यासाठी तासून आमच्या घरात ठेवलेल्या लाकडी पावलांवर चामड्याचे तुकडे चिकटवायचे, कुठे कानस मारायचे आणि रविवारी बसून बूट शिवायचे. इक्वेडोर, मेक्सिको, स्पेन, ग्रीस... तुमच्या आईला देशांची नावं त्या पावलांच्या कागदांवरून पाठ झाली. मेक्सिकोत क्लबचा एका बूट कंपनीशी करार होता, तेव्हा एलादिओने आजोबांच्या काळ्या बुटावर स्वतःच पांढऱ्या रंगाने त्या कंपनीचे पट्टे काढले होते. तो फोटो बघून आजोबा आठवडाभर खुशीत होते.

पत्रं लिहायची मी. आजोबांचं शिक्षण मराठी सातवीपर्यंत, मी शाळेत इंग्रजी शिकवणारी बाई. ते सांगायचे, मी लिहायचे. आणि इथेच माझं बिनसलं. मुलांनो, तुमचे आजोबा दिवसाला वीस वाक्यं बोलणारा माणूस. जेवण झालं, येतो, पाणी आलं का... पण पत्र लिहायला बसले की तासभर बोलायचे. "लिही, त्याला विचार, तिथलं मैदान कडक आहे की भुसभुशीत? लिही, थंडीत बोटं आखडतात का? लिही, पाय रोज कोमट पाण्यात घालतोस की नाही?" मी वळणदार अक्षरात लिहीत राहायचे. सहा तास वर्गात उभी राहून माझ्या टाचा ठणकत असायच्या. स्टेशन रोडवरच्या दुकानातून घेतलेल्या चपला चावून दोन्ही अंगठ्यांजवळ घट्टे पडले होते. आजोबा कधीकधी माझ्या पावलांकडे बघायचे. काहीतरी बोलणार असं वाटायचं... आणि मान वळवायचे. घाटकोपरच्या आमच्या पंतनगरच्या खोलीत, शोकेसच्या वरच्या फळीवर, मऊ कापडात गुंडाळलेली दोन परकी पावलं होती. दर महिन्याला त्यांना जवसाचं तेल लागायचं. माझ्या पावलांचा नंबर काय, हे या माणसाने मला कधी विचारलं नव्हतं.

शेजारच्या सावंतकाकू मालवणच्या. त्यांच्या तोंडाला कुलूप नव्हतं. एलादिओ हे नाव त्यांना जमायचं नाही, त्या त्याला लाडू म्हणायच्या. पोस्टमन दिसला की गॅलरीतून हाक यायची, "काय गो बाय, तुझ्या घोवाच्या लाडवाचा पत्र इला?"

"आलं, काकू."

"सवत इली ती पण मिशीवाली. नशीब तुझा."

सगळा मजला हसायचा. मीही हसायचे.

तो ग्रीसला खेळत होता त्या वर्षीची गोष्ट. आमच्या शाळेच्या वार्षिक समारंभात मी बसवलेलं मुलींचं इंग्रजी नाटक होतं, पहिल्यांदाच. मी आजोबांसाठी दुसऱ्या रांगेत खुर्ची राखून ठेवली होती. येतो म्हणाले होते. पडदा उघडला, खुर्ची रिकामी. पडदा पडला, रिकामीच. मी घरी आले तेव्हा ते चामड्याचा तुकडा खिडकीतल्या उजेडात धरून बघत बसले होते. "वासराचं आलंय, एकदम मऊ," ते म्हणाले. "दुकानात थांबलो नसतो तर संध्याकाळपर्यंत उरलं नसतं. नाटक कसं झालं?" मी म्हटलं, झालं. त्यांनी मान डोलावली आणि परत चामड्याकडे वळले.

त्याच आठवड्यात, आजोबा कामावर असताना, एलादिओचं पाकीट आलं. पत्रात लिहिलं होतं, डाव्या पायात थोडा फरक वाटतो आहे, कृपया नवं माप नीट बघा, मालकांना दाखवा. आजोबांना तो मालक म्हणायचा. मी ग्रीक वर्तमानपत्राचा तो कागद उलगडला, बघितला, परत घडी केली आणि माझ्या शाळेच्या फाईलमध्ये ठेवला. संध्याकाळी आजोबांना सांगितलं, "तो बरा आहे. माप तेच आहे म्हणतो." त्यांनी एवढंच विचारलं, "कागद नाही पाठवला?" मी म्हटलं, "नाही." आजोबांनी गेल्या वर्षीच्या मापाने बूट शिवले. फार सुरेख झाले होते.

मला वाटलं होतं, बूट थोडा घट्ट होईल, तो तक्रार करेल आणि आजोबा चिडतील. त्या दोघांमध्ये एक मिठाचा खडा पडावा, इतकाच माझा हिशोब. तीन महिन्यांनी पत्र आलं ते प्लास्टरमधल्या पायाचं. चवड्याचं हाड मोडलं होतं. त्याने कुणालाच दोष दिला नव्हता. बूट छान आहेत, पण यंदा पाय थकलेला होता, मी थांबायला हवं होतं, असं लिहिलं होतं. त्यानंतर तो हाँगकाँगला एक हंगाम आणि आणखी कुठेतरी अर्धा खेळला, पण कडेने पळणाऱ्याचा वेग गेला की त्याच्याकडे काही उरत नाही. मग तो गावी परतला आणि मुलांना शिकवू लागला. बूट थांबले, नववर्षाची कार्डं येत राहिली. ती वाचून दाखवताना दरवेळी मला फाईलमधला तो कागद दिसायचा. आणि दरवेळी, हेही लिहिते, आजोबांचा उजळलेला चेहरा बघून आत काहीतरी पुन्हा चिडायचं.

लुसियाचा ईमेल आला त्या दिवशी दुपारी आजोबा म्हणाले, "त्याचा डावा पाय मला डोळे मिटूनही काढता येईल." मी उठले. मी कागद टाकत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. कपाटातून ती फाईल काढली, ग्रीसचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी कागद मांडीवर घेतला, पुसट झालेल्या रेघेवरून अंगठा फिरवत गेले आणि चवड्यापाशी थांबले.

"इथं फुगलाय," ते म्हणाले. "हाड तडकायच्या बेतात होतं."

"तुम्हाला तेव्हा कळलं असतं?"

"हा कागद बघितला असता तर लिहायला लावलं असतं तुला. महिनाभर बूट घालू नकोस म्हणून."

"त्याने ऐकलं असतं?"

"माझं ऐकायचा तो."

यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर आलं. मी म्हटलं, "त्याच्यासाठी वर्षानुवर्षं बूट शिवलेत तुम्ही. माझ्यासाठी एक चप्पल केली नाहीत. माझे घट्टे दिसत नव्हते तुम्हाला?"

आजोबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "केली होती की. लग्न झालं त्याच आठवड्यात. तपकिरी, बारीक पट्ट्यांची. तू म्हणालीस, शाळेत बायकांनी विचारलं कुठून घेतली तर मी काय सांगू, नवरा चपला शिवतो म्हणून? परत असलं काही आणू नका म्हणालीस."

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. आणि मग ते खाकी कागदातलं पुडकं आठवलं, आणि ते पुन्हा बांधून त्यांच्या हातात देणारे माझे हात आठवले.

"मग... काय केलंत त्या चपलांचं?"

"उसवल्या. चामडं चांगलं होतं."

त्या रात्री आम्ही दोघं फारसं जेवलो नाही. दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. म्हणजे नेहमीसारखंच, पण फरक मला कळत होता. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, लुसियाला खरं काय ते लिहायला हवं. तिच्या वडिलांचा पाय कशाने गेला हे जाणून घ्यायचा तिला हक्क आहे. मी टेबलाशी बसले. ईमेल नको, पत्रच लिहायचं ठरवलं. आजोबा जुन्या सवयीने शेजारी खुर्ची ओढून बसले.

"लिही," ते म्हणाले. "नवं माप वेळेवर पोचलं होतं. माझ्या नजरेतून निसटलं. चूक माझ्या हातून झाली."

मी पेन खाली ठेवलं. "अहो, असं नव्हतं झालं."

"मला माहीत आहे कसं झालं. लिही तू."

"तुमच्या हाताला बोल लागेल. त्या मुलीला वाटेल, मालकांनी..."

"वाटू दे. मी म्हातारा झालोय आता, माझ्या हाताचं काय घेऊन बसलीस."

इतकी वर्षं त्यांनी सांगितलेलं एकूण एक वाक्य मी जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं होतं. एका कागदाबद्दल मी खोटं बोलले, पण पत्रातला त्यांचा शब्द कधी बदलला नव्हता. तो त्या दिवशी बदलला. ग्रीसहून आलेला कागद मी लपवला, असं लिहिलं. का लपवला तेही लिहिलं. पत्नी मत्सरी होती, एवढंच, सजावट न करता. खाली माझं नाव घातलं, मग तो ग्रीक कागद घडी करून पाकिटात ठेवला. तो त्यांच्या घरचा होता. आजोबांनी विचारलं, लिहिलंस ना मी सांगितलं तसं? मी म्हटलं, नाही.

लग्नानंतरच्या त्या चपला, आणि 'चूक माझ्या हातून झाली' हे एक वाक्य. तुमच्या आजोबांनी माझ्या मापाने केलेल्या या दोनच वस्तू, आणि दोन्ही मी परत केल्या. पहिली परत केली ती लाजेपायी. ही दुसरी मात्र मला इतकी हवी होती, मुलांनो, की पाकीट पोस्टाच्या खिडकीत देताना माझा हात मागे येत होता.