अण्णांची फौज आणि बाळूचं टोपरं

अण्णांच्या फौजेत बारा जण होते, आणि बाराही डोकी झाकल्याशिवाय अण्णा एकालाही नवी तलवार घेऊन देत नसत. फौज म्हणजे कॉम्प्युटरवरची. शहापुरात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं, झेरॉक्स काढायचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक नसलं की मी गेम खेळते. खेळते तर खेळते, त्यात लपवायचं काय! या गेममध्ये भाडोत्री सैनिकांची टोळी सांभाळायची असते. माणसं नेमायची, त्यांना हत्यारं आणि चिलखतं घ्यायची, लढायला न्यायचं. मेलेला माणूस परत येत नाही.

अण्णा पावरलूमचे जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे मिस्त्री. शहापूर-वडगावातले माग एकेक करून बंद पडत गेले, तसे अण्णा रिकामे झाले आणि दुपारचे माझ्याकडे पेपर वाचायला येऊन बसू लागले. एकदा माझ्या खांद्यावरून डोकावले नि म्हणाले, "शालन, ह्या गड्याला उघड्या अंगानं लढाईला धाडतीस व्हय गं? घरात कुणी न्हाय काय त्याचं?" मी म्हटलं, "स्वस्तातला आहे, अण्णा. आज ना उद्या मरायचाच." असे काही भडकले की मी त्यांच्या जावयालाच धाडत होते जणू! त्या दिवसापासून माऊस त्यांच्या हातात गेला आणि मी माझ्याच दुकानात बघत बसले.

चिलखत घ्यायचं तर अण्णा ते साडी बघावी तसं बघत. कड्यांच्या चिलखताचं चित्र मोठं करायला लावत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणत आणि म्हणत, "हे बी विणकामच की. वीण घट्ट हाय, ह्यातनं बाण जायाचा न्हाय." इंग्रजी येत नव्हतं, पण खालचा आकडा कळायचा. लोखंडी शिरस्त्राणाला ते टोपरं म्हणत, लहान मुलाला घालतात ते. सैनिकांची इंग्रजी नावं पुसून त्यांनी आपल्या हाताखालच्या विणकरांची नावं द्यायला लावली. शिवाप्पा, कल्लाप्पा, महादू, बाळू. "महादूला पहाऱ्यावर ठेवू नको, त्यो झोपतोय," असं मला गंभीरपणे सांगायचे. आता गेममधला महादू कशाला झोपतोय!

एका गोष्टीवरून मात्र आमचं रोज वाजायचं. मेलेल्या शत्रूचं चिलखत काढून घ्यायचं आणि आपल्या माणसाला घालायचं, हा या गेममधला सगळ्यात सरळ मार्ग. अण्णा हात लावू देत नसत. "मढ्याच्या अंगावरचं कापड कुणी घरात आणतंय काय गं?" मी कपाळाला हात लावायची. "अहो, कापड नाही ते, लोखंड आहे!" "अंगावरचं ते अंगावरचं." झालं. त्यामुळे आमची फौज कायम अर्धीमुर्धी झाकलेली. बाजारातून नवं घ्यायचं म्हणजे महिनोन्‌महिने थांबायचं.

त्यात बाळूवर त्यांचा फार जीव. प्रत्येक लढाईत त्याला मागच्या रांगेत उभा करत. मी एकदा चिडवलं, "बाळू काय लाडका आहे की काय?" अण्णा हसले नाहीत. मग सांगितलं. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन पळणारा टोकदार लाकडी ठोकळा, मागातून उडून माणसाला लागू नये म्हणून मागापुढं जाळी बसवलेली असते. ती अण्णांनी दुरुस्तीसाठी काढली होती. लग्नसराईच्या साड्या अडल्या होत्या, मालक घाई करत होता. "म्हटलं, जाळी सांच्याला बसवतो. चालू कर माग." धोटा उडाला आणि बाळूचा डावा डोळा गेला. त्यानंतर बाळूनं माग सोडला, आता कोगनोळीला एका ढाब्यावर वॉचमन आहे. वीस वर्षं झाली, अण्णा एकदाही त्याच्यापुढं गेले नव्हते. "कुठल्या तोंडानं जाऊ गं? त्यानं माफ केलंय का न्हाय, तेवढंच कळलं असतं तर बरं."

आणि गेममधल्या बाळूचंही नेमकं तेच झालं. एका लढाईत दरोडेखोरांचा म्होरक्या पडला. त्याच्या डोक्यावर सगळं तोंड झाकणारं लोखंडी टोपरं होतं. मी हात जोडले, "अण्णा, घ्या हो! बाळूला घाला. चामड्याच्या टोपीवर हिंडतोय तो." "मढ्याचं नको." पुढच्याच लढाईत बाण आला. बाळू वाचला, पण त्याच्या नावाखाली फुटक्या डोळ्याचं चित्र उमटलं.

अण्णांनी माऊस सोडला. मी घाईघाईनं म्हटलं, "थांबा, लढाईच्या आधी गेम सेव्ह केलाय, तिथून परत खेळता येतं." माझा हात त्यांनी धरला. "नको. असू दे तसंच." आणि चष्मा टेबलावरच विसरून निघून गेले. मला माझीच लाज वाटली. कशाला शिकवला हा गेम त्यांना!

दुसऱ्या दिवशी अण्णांनी खडेबाजारात जाऊन दुचाकीवर घालायचं एक हेल्मेट घेतलं आणि बस धरून कोगनोळी गाठली. संध्याकाळी दुकानात आले. मी विचारलं, "काय म्हणाला बाळू?"

"काय न्हाय म्हणाला. हेल्मेट आत नेऊन ठेवलं. चहा पाजला. साखर लई घातलती."

"मग माफ केलं म्हणायचं की!"

"चहा तर कुणालाबी पाजत्यात, शालन."

त्यानंतर फौजेचा सगळा खजिना ओतून त्यांनी गेममधल्या बाळूला बाजारातलं सगळ्यात भारी टोपरं घेतलं. बाकीचे अकरा तोंडात मारल्यासारखे जुन्यावरच हिंडत राहिले. थंडीत अण्णा गेले. झोपेतच गेले. ते न आलेली पहिली दुपार मला अजून आठवते. पेपर तसाच घडी घातलेला होता आणि मी गिऱ्हाइकासमोर रडले.

पंधरा दिवसांनी एक पन्नाशीचा माणूस दुकानात आला. काखेत हेल्मेट, डावा डोळा मिटलेला. "आक्का, हेल्मेट द्यायला आलते तवा अण्णा सांगत हुते, माझ्या नावाचा शिपाई ठेवलाय म्हणून. दाव की."

मी फौज उघडली. बाळू खुर्ची ओढून बसला आणि त्यानं एकेक नाव माझ्याकडून वाचून घेतलं. शिवाप्पाच्या नावाला हसला, महादूच्या नावाला आणखी हसला. स्वतःच्या नावापाशी आल्यावर फुटक्या डोळ्याच्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिला.

"ह्यात अण्णा कुठायत?"

"नाहीत. स्वतःला कधी घेतलंच नाही त्यांनी."

"घे त्यास्नी."

फौजेत बाराच माणसं मावतात, म्हणून कल्लाप्पाला रजा देऊन मी एक नवा माणूस नेमला. नाव घातलं, अण्णा. उघड्या डोक्याचा, उघड्या अंगाचा, स्वस्तातला माणूस. खजिन्यातलं उरलंसुरलं त्याला नेमण्यातच गेलं, टोपरं घ्यायला काहीच नव्हतं. मी तसं सांगितलं.

बाळूनं पडद्यावरच्या आपल्या टोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे काढ, आणि त्यास्नी घाल."

"अहो, मग तुमचं डोकं उघडं राहील."

त्यानं काखेतलं हेल्मेट टेबलावर ठेवलं. "माझ्याकडं हाय की, आक्का. त्यास्नीच घाल."