न रुसलेला माणूस

नव्वदच्या दशकात गंगापूर रोडवर एका पोटाच्या डॉक्टरकडे माझ्या शेजारी निफाडकडचा एक द्राक्ष बागायतदार बसला होता. गालफडं बसलेली, मांडीवर बायकोनं दिलेला डबा. पलीकडे बसलेली बायको पाणी प्यायला उठली, तसा तो माझ्याकडे वळला.

"आतड्याला सूज हाय. भूकच लागत नाय. हिला वाटतं, मी रुसलोय. मी जेवल्याबिगर ही बी जेवत नाय."

त्यांचा नंबर लागला. तपासायच्या खोलीला नुसता पडदा होता, आतलं बोलणं बाहेर ऐकू येत होतं.

"डॉक्टर, औषध मागून द्या. आधी हिला सांगा, मी रुसलो नाय."

"ताई, अशी सूज असली की मेंदूच भूक दाबून टाकतो. तुमच्यावर राग नाही त्यांचा."

बाहेर येऊन तिनं बाकावरच डबा उघडला. ती भराभर जेवत होती आणि तो तिला भाकरी मोडून देत होता.