समोर उभे असलेले सर

मंडळी, सकाळपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

चिक्कडपल्लीत माझं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. मोटार चालू करून नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतो, त्याच हुनरवर घर उभं राहिलं. आजही कान मोटारीकडे होता, डोळे मोबाईलवर. एका गिऱ्हाइकाने फोटो पाठवले होते.

तेवढ्यात शेजारचा इस्त्रीवाला धावत आला. "सेठ, सर मेरी दुकान के सामने गिर गए. कब से तुमारे सामने खडे थे, देखे नै क्या?"

सर म्हणजे आमच्या गल्लीतले रिटायर्ड मास्तर. त्यांना दवाखान्यात पोचवून मी दुकानात परतलो. तासाभराने वहिनींचा, म्हणजे त्यांच्या मिसेसचा फोन आला. "भाऊ, हे शुद्धीवर नाहीत. डॉक्टर विचारतायत, आधी काय होत होतं? तुम्हाला काही बोलले का?"

मी दुकानातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. सर काउंटर धरून बोलतायत. मी वर बघतो, थेट त्यांच्या तोंडाकडे. मान हलवतो आणि परत मोबाईलमध्ये. कॅमेऱ्याला आवाज नाही. आठ वेळा पाहिलं. त्यातलं काही म्हणजे काही मला आठवत नाही.

वहिनींना खरं ते सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचं दुकान जवळ, म्हणून आले असतील हो."

दुकान बंद करून दवाखान्यात निघालोय. तुम्ही आज कोणाकोणाकडे बघून मान हलवलीत, आठवतंय का?