विमल सगळ्यात शेवटी उतरायची

गड पाहायला गेलेल्या बायकांचा ट्रक दुसऱ्या दिवशी दुपारी आला. आदल्या संध्याकाळपासून मी वाट पाहत होते. कांकेरचा रस्ता लांबचा, टायर बसलं असेल, नाहीतर वाटेत कुठं बाजार लागला असेल आणि बायका उतरल्या असतील, अशी मनाची समजूत घालत होते. मुलाच्या अंगावर गोवर फुटला होता म्हणून मी एकटीच मागे राहिले होते. आमच्या क्वार्टरांसमोरच्या मैदानात ट्रक वळताना दिसला तशी मी चहाचं आधण चुलीवर ठेवलं आणि धावत बाहेर आले. सहलीहून परतताना ट्रकातून गाणी ऐकू यायची, ती आज नव्हती... हे माझ्या ध्यानात आलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. ट्रकचा मागचा फाळका पडला. एकेक बाई उतरू लागली. कुणाचा डोळा सुजून मिटलेला, कुणाचे ओठ फुगलेले. माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं. माझ्या मायला दोघींनी धरून उतरवलं. तिच्या डोक्यावरून विमलची तपकिरी शाल होती.

तरी मी ट्रककडेच पाहत राहिले. कारण विमल नेहमी सगळ्यात शेवटी उतरायची. कुणाचा डबा, कुणाची चप्पल राहिली का ते पाहून मग उडी मारायची. ड्रायव्हर सरदारजींनी फाळका लावला, कडी घातली.

"सरदारजी, रुको," मी म्हटलं, "अभी एक बाई उपर है."

सरदारजींनी तोंड फिरवलं. आमच्या शेजारच्या रुक्माबाईंनी माझा दंड धरला. "गेली वो ती," त्या म्हणाल्या. "आधी चरोद्याले जाऊन आलो आमी. तिच्या मायबापाजवळ ठेवून आलो तिले."

मी विचारलं, "ठेवून आलो म्हंजे?"

हा प्रश्न मी किती वेळा विचारला कोण जाणे. घरात आधण उतू जाऊन चूल विझली होती.

विमल पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, आमच्याच सेक्टरातल्या शाळेत तिसरीला शिकवायची. तिचे वडील रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन, घर चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत. आमच्यासारखंच नागपूरकडचं कुटुंब, पोट घेऊन इकडे आलेलं. धम्मदीक्षेच्या वेळी पांढरं पातळ नेसून नागपूरला गेल्याचं ती अजून काल घडल्यासारखं सांगायची. घराण्यात शिकलेली पहिली मुलगी तीच. लग्न केलं नव्हतं, कुणी विचारलं तर म्हणायची, "इतली पोरं हायेत मले, आनखी कायले पायजेत?" सडपातळ, काळीसावळी, बोलताना समोरच्याच्या मनगटाला धरण्याची सवय. तिशी नुकतीच ओलांडली होती.

तिला गडांचं वेड कुठून लागलं हे मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, शाळेत इतिहासाच्या पुस्तकात किल्ल्याचं चित्र होतं. ते घेऊन ती वडिलांकडे गेली आणि विचारलं, बाबा, यात आपले लोक कुठं होते? वडील म्हणाले, "पोरी, दगड कोणं वाहिले मंग? राजानं?" तेवढं तिला पुरलं. आमच्यातल्या कितीतरी बायकांनी कारखान्याच्या पायाभरणीत डोक्यावर गिट्टीची घमेली वाहिली होती. भट्टी उभी राहिली, धुराडी उभी राहिली, रशियन साहेबांचे बंगले झाले, आणि मग त्याच बायकांना गेटच्या आत जायला पास नव्हता. विमल त्यांना म्हणायची, "छत्तीस गडांच्या मुलखात राहून राहिलो अन् एक बी पाह्यला नाई. बांधले आपण, पाह्याले दुसरेच जातात. चला!"

पहिल्या वर्षी आम्ही पॅसेंजरनं डोंगरगडला गेलो. निम्म्या बायकांना वाटलं देवीच्या दर्शनाला चाललो आहोत. विमलनं सगळ्यांना डोंगरावर नेलं आणि देवळाला वळसा घालून पडक्या भिंतीच्या दगडांजवळ बसवलं. एका दगडावर छिन्नीचे घाव दिसत होते. "हात लावून पाहा," ती म्हणाली. रुक्माबाईंनी हात लावला आणि म्हणाल्या, "हा कोणी डावखुऱ्या माणसानं फोडला बापा." बायका हसल्या. विमल मात्र हसली नाही, ती त्या दगडाकडे बघत राहिली... मग दर हिवाळ्यात एक सहल ठरलेलीच. कुणा ठेकेदाराचा ट्रक ती बोलून मिळवायची. भाकरी, झुणका, मिरचीचा ठेचा जिचा तिनं आणायचा. वर चूल पेटवायची नाही, हा तिचा नियम. चढताना ती सगळ्यांच्या मागे असायची. पुढं चालणाऱ्याला पुढारी म्हणतात असं मी एकदा चिडवलं, तर म्हणाली, "पुढं काय, वाट असते. माणूस तं मागंच राह्यते."

यंदा माझी माय हिवाळ्यासाठी माझ्याकडे आली होती. जन्म भंडाऱ्याकडच्या खेड्यात धानाच्या बांधीत वाकून गेला. नवरा गेला, पोरं शहरात गेली. हौस म्हणून ती आयुष्यात कुठे गेली नव्हती. सहलीच्या आदल्या संध्याकाळी विमल आमच्याकडे आली. मला यायला जमणार नाही हे कळल्यावर तिनं मायकडे मोर्चा वळवला.

"माय, तू चाल."

"मी? म्या काय करू वो तिथी? माहे गुडघे पाह्य, कसे झाले."

"राजाचं घर पाह्यचं. डोंगरावर तलाव हाये, उन्हाळ्यात बी आटत नाई म्हणतात."

"डोंगरावर पानी?" मायनं डोळे बारीक केले. आयुष्यभर पाण्यासाठी पायपीट केलेल्या बाईला याहून मोठं नवल कुठलं? "खोटं कावून बोलून राहिली तू?"

"खोटं निघालं तं मले तिथंच ढकलून दे," विमल म्हणाली आणि मायचं मनगट धरून हसली. जाताना दारात मला म्हणाली, "पोराले कडुलिंबाच्या पाल्यावर निजव. तुह्या मायची फिकर करू नको." मी केली नाही. तिच्याबरोबर पाठवायचं म्हटल्यावर फिकर कसली करायची?

पुढचं मी पाहिलेलं नाही. रुक्माबाईंनी सांगितलं ते लिहिते आहे. लिहितानाही वाटतं, यात कुठंतरी चूक आहे, कुणीतरी येऊन ती दुरुस्त करील...

मायला चढायला फार वेळ लागला. विमल तिच्याबरोबर बसत-उठत वर आली. वर सगळं छान झालं. पडका दरवाजा पाहिला, तलाव पाहिला, भाकरी खाल्ली. माय तलावात पाय सोडून बसली होती आणि उठायला तयार नव्हती. ऊन कलायच्या आत उतरायला सुरुवात झाली. वाटेवर एक मोठा कातळ पुढे झुकलेला, त्याच्या पोटाशी आग्या मोहोळं लोंबत होती. चढताना विमलनं सगळ्यांना तोंड बंद ठेवून तिथून पार केलं होतं. उतरतानाही तसंच चाललं होतं. कुणी धूर केला नव्हता, कुणी दगड मारला नव्हता. एखादी घार झडपली असेल, वारा लागला असेल... कुणालाच माहीत नाही. अचानक आकाश काळं झाल्यासारखं झालं, एवढंच रुक्माबाई सांगतात.

पुढच्या बायका खाली पळाल्या, वाटेतल्या कपारीत शिरल्या. मागून विमलचा आवाज येत होता, "हात झटकू नका! पदर तोंडावर घ्या! अंदर घुसा!" मायला पळणं शक्य नव्हतं. तिचे गुडघे आखडले आणि ती वाटेतच खाली बसली. विमल तिच्या मागेच होती. तिनं मायला ओढत दोन दगडांच्या खाचेत लोटलं, अंगावरची शाल काढून मायच्या डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळली, आणि खाचेच्या तोंडावर स्वतः आडवी झाली. कपारीतून रुक्माबाईंना ते दिसत होतं. त्या दोनदा बाहेर यायला निघाल्या, दोन्ही वेळा विमल ओरडली, "येऊ नका वो!" तिसऱ्यांदा तिचा आवाज आला नाही.

माश्या पांगल्यावर सगळ्या वर धावल्या. मायच्या हातांवर थोडे डंख होते. विमलचा चेहरा ओळखू येत नव्हता. पण शुद्ध होती. तिनं एवढंच विचारलं, "सगळ्या हायेत ना?" लुगड्याची झोळी करून तिला खाली आणली. खालच्या गावातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी होतं नव्हतं ते केलं. दिवे लागायच्या आधीच ती गेली.

एका माणसाच्या जाण्यानं एवढा धक्का बसावा का? मी मरणं पाहिली आहेत. वडील गेले, एक मूल गेलं. ती दुखणी होती, त्यांची पावलं आधी ऐकू आली होती. पण चांगली हसतीखेळती बाई मनगट धरून जाते आणि तिची शाल तेवढी परत येते, हे मनात शिरतच नाही. चरोद्याला त्रिशरण पंचशील झालं, मी सगळ्यांबरोबर म्हटलं, माती दिली, घरी आले आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी, विमल येताना दिसेल म्हणून, सवयीनं खिडकीत उभी राहिले. शिवाय माझी अवस्था आणखी विचित्र. माय समोर बसलेली, जिवंत. तिच्याकडे पाहून जीव थंड व्हायचा आणि त्याच क्षणी रडू फुटायचं. आनंद झाला म्हणावं तर कुणापुढे म्हणावं? माय तर बोलेनाशीच झाली होती. जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की निजायची. एकदाच भिंतीकडे पाहून म्हणाली, "माहं वय झालंच होतं."

गेल्या रविवारी ती आपणहून म्हणाली, "मले चरोद्याले ने." दुर्गहून येणाऱ्या लोकलनं आम्ही गेलो. वाटभर माय माझा पदर धरून होती. मला भीती वाटत होती. ज्या आईनं लेक गमावली तिच्यापुढे, जिच्यासाठी गमावली ती म्हातारी नेऊन उभी करायची... काय होईल? त्यांनी दार लावून घेतलं असतं तरी मी त्यांना दोष दिला नसता.

दार विमलच्या वडिलांनी उघडलं. त्यांनी चटई टाकली, पाण्याचे तांबे आणून ठेवले आणि ते अंगणात जाऊन बसले. एका खोलीचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खुंटीला विमलची छत्री. तिची आई चुलीशी होती. ती उठून आली आणि मायच्या समोर बसली. बाहेर रेल्वेच्या यार्डात डबे एकमेकांवर आदळत होते. मायनं हात जोडले, ते जोडलेलेच राहिले.

विमलच्या आईनं ते हात खाली घेतले. बराच वेळ त्या हातांवरचे डंखांचे काळे डाग पाहत राहिली. मग म्हणाली, "बाई, एक विचारू? रागावशीन नाई ना?"

मायनं मान हलवली.

"दर साली ती मले म्हणे, आई चाल. म्या म्हणो, औंदा नाई, पुढच्या साली. आता कोणासंगं जाऊ? तू तं पाह्यला ना गड? मी आजून खालीच हाओ. बसल्या जागी मले वर ने."

पंधरवड्यानंतर पहिल्यांदा मी मायचा आवाज धड ऐकला. "पहिले ना," ती म्हणाली, "बांबूचं बन लागते. लय दाट. थंडगार..."

विमलच्या आईनं पदर सावरला, मांडी नीट घातली आणि डोळे मिटून घेतले. अंगणातून विमलचे वडील उठले आणि उंबऱ्याशी येऊन बसले.